साताऱ्यात फुल सस्पेन्शन एमटीबी (डोंगरवाटांची सायकल) निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्याच्या डोंगरात सायकल वर नेऊन सोडणारी लिफ्ट नाही. यवतेश्वरचा घाट असो, सज्जनगडाची वाट असो की चाळकेवाडीचा माळ, जेवढं उतरायचं तेवढं आधी पायांनी चढायचं. परदेशी व्हिडिओंतली माणसं बहुतेकदा लिफ्टने वर जातात, हे सायकल निवडताना विसरलं जातं आणि मग शनिवार-रविवारी घाटात १६ किलोचं ओझं ओढलं जातं. खालच्या बऱ्याच उत्तरांचा रोख याच कारणाने चढाकडे आहे.

मला फुल सस्पेन्शन लागेल, की हार्डटेलवर भागेल?

फुल सस्पेन्शन म्हणजे पुढे आणि मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी सायकल, हार्डटेल म्हणजे फक्त पुढे. गेल्या महिन्याभरात जिथे चाक फिरलं, त्या वाटा आठवा. त्यातल्या बहुतेक डांबरी असतील, म्हणजे सातारा ते कास, मेढ्याचा रस्ता, उरमोडी धरणाच्या काठचा रस्ता, तर फुल सस्पेन्शनचा उपयोग जवळजवळ शून्य. चांगली हार्डटेल घ्या, उरलेल्या पैशात चांगले टायर घ्या.

मुरमाच्या गाडीवाटा, पांदणी आणि शेताच्या बांधावरच्या पायवाटा यांवरही १०० ते १२० मिमी दबणाऱ्या फोर्कची (पुढचं चाक धरणारा दुभागी भाग) हार्डटेल छान चालते. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, मुठीएवढे सुटे दगड सलग पसरलेला उतार. तिथे हार्डटेलचं मागचं चाक सतत उडतं आणि उडालेलं चाक ब्रेक लावू शकत नाही. दोन, तीन-चार तासांच्या खडबडीत फेऱ्या. पाठ आणि मनगट आधी थकतात, पाय नंतर. या दोन्हींपैकी काहीच तुमच्या वाट्याला येत नसेल तर मागचा शॉक हा फक्त देखभालीचा जादा भाग आहे.

दुकानात १५ हजारांत 'डबल शॉकर' मिळते. ती आणि दोन लाखांची यांत एवढा काय फरक?

स्वस्त डबल शॉकरच्या मागे नुसती स्प्रिंग असते, डॅम्पर नसतो. डॅम्पर म्हणजे तेल बारीक छिद्रांतून ढकलून हालचालीचा वेग रोखणारी यंत्रणा. ती नसली की दाबलेली स्प्रिंग जेवढ्या जोरात दबली तेवढ्याच जोरात परत येते आणि खड्डा संपल्यावर सीट तुम्हाला पुढे फेकते. पिव्हटमध्ये, म्हणजे मागच्या हलत्या सांध्यात, बेअरिंग नसून प्लास्टिकची बुश असते, ती एका पावसाळ्यात सैल होते. फ्रेम स्टीलची, वजन १८ किलोच्या पुढे. कॉलनीतल्या रस्त्यावर चालते. डोंगरउतारावर नेऊ नये.

खरी फुल सस्पेन्शन नवी घ्यायची तर बजेट दीड-दोन लाखांपासून सुरू होतं. तेवढं नसेल तर तडजोड म्हणून डबल शॉकर घेऊ नका. ५०-६० हजारांची एअर (हवेच्या स्प्रिंगच्या) फोर्कवाली हार्डटेल प्रत्येक बाबतीत तिच्यापेक्षा सरस ठरते.

ट्रॅव्हल किती घ्यावं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त चुकणारी निवडही.

ट्रॅव्हल म्हणजे चाक जास्तीत जास्त किती मिलिमीटर वर सरकू शकतं ते. क्रॉस-कंट्री प्रकारात मागे १०० ते १२०, ट्रेल प्रकारात १२० ते १५०, एन्ड्युरोत १५० ते १७५ आणि डाउनहिलमध्ये २०० च्या आसपास. ट्रॅव्हल वाढलं की एकट्या शॉकचं वजन वाढत नाही. फ्रेम जाड होते, फोर्कच्या नळ्या ३२-३४ मिमीवरून ३६-३८ वर जातात, टायर जड होतात. क्रॉस-कंट्री सायकल साधारण ११ ते १३ किलोत बसते, ट्रेल १३.५ ते १५ किलोत, एन्ड्युरो १५ ते १७ किलोत. हा तीन-चार किलोंचा फरक यवतेश्वरच्या दुसऱ्या वळणावरच कळतो, त्यातही जड टायरमुळे आलेला सगळ्यात आधी.

आता वाटा धरून बोलू. चाळकेवाडी-ठोसेघर बाजूचे पवनचक्क्यांपर्यंत गेलेले मुरमाचे रस्ते, माळरान, लांब अंतर, बराचसा वेळ पेडलवर: १०० ते १२० मिमी. डोंगराच्या सोंडेवरून उतरणाऱ्या पायवाटा, पावसाने उकरलेल्या घळी, मधेमधे गुडघाभर उंचीच्या कातळपायऱ्या: १३० ते १४० मिमी. साताऱ्यात बहुतेकांसाठी हाच पट्टा योग्य, आणि दोन्हींच्या मधोमध घुटमळत असाल तर पुढे १३० आणि मागे १२० अशी सायकल बघा. तिला हल्ली डाउनकंट्री म्हणतात.

१५० मिमीच्या वर जायचं खरं कारण एकच असतं: वेगात उड्या मारायच्या आहेत आणि वर नेऊन सोडणारा पिकअपवाला मित्र आहे. दोन्ही हवं. नुसता मित्र असून भागत नाही.

एक गोष्ट मात्र ट्रॅव्हलच्या आकड्यात दिसत नाही: हेड अँगल. फोर्क जमिनीशी किती अंशांचा कोन करतो ते. ६७-६८ अंश असेल तर सायकल चढावर आणि वळणांवर चपळ, उतारावर अवखळ. ६४-६५ अंश असेल तर उतारावर स्थिर, पण तीव्र चढावर पुढचं चाक इकडेतिकडे भटकतं. १३० मिमी ट्रॅव्हल आणि ६५-६६ अंश हा मेळ इथल्या उतारांना पुरून उरतो. १२० मिमीची पण ६५.५ अंशांची सायकल दगडी उतारावर १५० मिमीच्या जुन्या, ६८ अंशांच्या सायकलपेक्षा जास्त धीर देते.

सीट ट्यूबचा अँगल बघायचा असतो का?

घाटात चढणाऱ्याने हेड अँगलच्याही आधी तो बघावा. इफेक्टिव्ह सीट अँगल, म्हणजे सीटपासून पेडलच्या आसापर्यंतच्या रेषेचा जमिनीशी कोन, ७५ ते ७७ अंश असेल तर बसल्यावर तुम्ही पेडलच्या बरोबर वर येता. ७३ अंशांच्या जुन्या फ्रेमवर वजन मागच्या चाकावर जातं, शॉक आणखी दबतो, पुढचं चाक उचलायला लागतं आणि चढभर हँडलवर ओणवं राहून कंबर धरते.

वेगवेगळ्या कंपन्यांची लिंकेज वेगवेगळी असते. कोणती चांगली?

लिंकेज म्हणजे मागचं चाक आणि शॉक यांना जोडणारी सांध्यांची रचना. नावांपेक्षा दोन गुण बघा. पहिला अँटी-स्क्वॅट. पेडल मारलं की वजन मागे सरकतं आणि शॉक दबू लागतो. त्याच वेळी चेनची ओढ मागचा हात (चाक धरणारा फ्रेमचा हलता भाग) खाली ढकलते. या दोन्हींचा मेळ सॅगच्या जागी (तुम्ही नुसते बसल्यावर शॉक दबतो तिथे) १०० टक्क्यांच्या आसपास बसला तर सायकल चढावर हेलकावत नाही. फार जास्त असेल तर दगडावर चाक वर गेलं की चेन ताणली जाऊन पेडलला उलटा झटका बसतो. दुसरा गुण म्हणजे शेवटच्या टप्प्यात शॉक किती कडक होतो, म्हणजे प्रोग्रेशन. एअर शॉकला १५ ते २५ टक्के पुरतं.

सांताक्रूझचं व्हीपीपी, जायंटचं माएस्ट्रो, पिव्हट आणि आयबिस या कंपन्या वापरतात ते डीडब्ल्यू-लिंक ही दोन छोट्या लिंकांची रचना आहे. पेडलिंगला छान, पण लिंका खाली, चिखलाच्या वाटेत असतात. स्पेशलाइज्ड आणि इतर अनेकांचं हॉर्स्ट-लिंक ब्रेक लावतानाही मोकळं काम करतं. ट्रेकचा मागचा पिव्हट थेट अ‍ॅक्सलभोवती असतो. साधा सिंगल पिव्हट जुना वाटेल, पण त्यात बेअरिंग कमी आणि साताऱ्याच्या पावसात ही लहान गोष्ट नाही. क्रॉस-कंट्रीच्या बऱ्याच सायकलींत मागचा पिव्हटच नसतो, कार्बनची स्टे (मागच्या चाकापर्यंत जाणारी नळी) थोडी वाकते आणि काम भागतं.

चाक २९ की २७.५?

२९. उंची साधारण ५ फूट ३ इंचांपेक्षा कमी असेल तर पुढे २९, मागे २७.५ अशी मिश्र जोडीही बघा. तीव्र उतारावर मागे सरकताना टायरला पार्श्वभाग घासत नाही.

साइझ कशी ठरवायची? कंपनीच्या तक्त्यात मी एम आणि एल दोन्हींत बसतो.

सीट ट्यूबच्या लांबीवरून साइझ ठरवायचे दिवस गेले. आता 'रीच' बघतात: बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलचा आस बसतो तो भाग) हेड ट्यूबच्या (फोर्क बसतो ती नळी) वरच्या टोकापर्यंतचं आडवं अंतर. अंदाज म्हणून, ५ फूट ६ इंचांच्या माणसाला ४३०-४५० मिमी, ५ फूट १० इंचांच्या माणसाला ४६०-४७५ मिमी. दोन साइझच्या मधे असाल आणि अरुंद, वळणावळणाच्या पायवाटा जास्त असतील तर लहान घ्या. मोकळे, वेगवान उतार असतील तर मोठी.

दुसरी मर्यादा ड्रॉपर पोस्टची, म्हणजे चालवताना वरखाली करता येणाऱ्या सीटच्या दांड्याची. सीट ट्यूब लांब असली की १५० मिमीचा ड्रॉपर पूर्ण आत जात नाही आणि सीट हवी तेवढी खाली येत नाही. पाय आखूड असतील तर सीट ट्यूब ४०० ते ४२० मिमीच्या आत असलेली फ्रेम शोधा. घेण्यापूर्वी दुकानात पोस्ट शेवटपर्यंत आत ढकलून बघा. मधेच बॉटल केजच्या स्क्रूला किंवा ट्यूबच्या वळणाला अडते का, ते कागदावर कळत नाही.

गिअर किती असावेत?

पुढे एकच चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र), मागे १० ते ५१ किंवा १० ते ५२ दातांचं कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच). खरा प्रश्न पुढच्या दातांचा. ३२ दाती चेनरिंग आणि ५१ दाती गिअरवर २९ इंची चाक पेडलच्या एका फेऱ्यात सुमारे १.४६ मीटर पुढे जातं. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी सव्वापाच किलोमीटर. ३० दाती लावलं तर तोच वेग ५ च्या खाली येतो. सुट्या मुरमाच्या तीव्र चढावर हा फरक बसून चढणं आणि उतरून ढकलणं यांतला असतो. सपाटीवर ३० दाती जोडी थोडी लवकर संपते, पण तिथे शर्यत लावायला ही सायकल घेतलेली नसते.

टायर कोणते? माझे दर आठवड्याला पंक्चर होतात.

बाभूळ. आपल्याकडच्या पंक्चरचं निम्मं शास्त्र या एका झाडात आहे. बांधावरून तोडलेल्या फांद्या पांदणीत पडतात, वाळतात आणि वाळलेला काटा ट्यूबमध्ये सहज शिरतो. ट्यूब जाड घेऊन प्रश्न सुटत नाही, वजन वाढतं. ट्यूबलेस करा: आत ट्यूब नसते, भोक बुजवणारं पातळ सीलंट असतं.

२९ × २.४ च्या टायरमध्ये १०० ते १२० मिली सीलंट घाला. कंपन्या ६०-९० लिहितात, ते थंड हवेसाठी ठीक. मार्च ते मे या काळात सीलंट दोन महिन्यांत सुकतं. टायर कानाजवळ धरून हलवा. पातळ पदार्थ खळखळला नाही तर वाल्व्हचा कोअर काढून ५०-६० मिली नवीन घाला. आत सुकलेल्या सीलंटचे गोळे झाले असतील तर टायर उघडून ते काढा, नाहीतर तेच वाल्व्ह तुंबवतात.

काटा रुतलेला दिसला तर घाईने उपटू नका. सीलंटने तो आतून आधीच बंद केलेला असू शकतो. घरी आल्यावर, भोक खालच्या बाजूला ठेवून काढा, म्हणजे सीलंट तिथे जमतं.

काट्यांपेक्षा महाग पडतात ते साइडवॉलचे कट. बसाल्टचे फुटलेले दगड धारदार असतात आणि पातळ टायरची बाजू एका फटक्यात चिरतात. ती चीर सीलंटने बुजत नाही. म्हणून मागे जाड केसिंग (टायरचं आतलं कापड) घ्या: मॅक्सिसमध्ये एक्सओ प्लस, श्वाल्बेमध्ये सुपर ट्रेल अशा नावांनी ते मिळतं. पुढे एक पायरी हलकं चालतं. ट्रेड (टायरवरची नक्षी) पुढे उंच आणि कोपऱ्यावर भक्कम गाठींचा, मागे बुटका आणि चटकन फिरणारा. कडक मुरमावर पसरलेली बारीक खडी हा इथला खरा शत्रू आहे. बेअरिंगच्या गोळ्यांवर उभं राहिल्यासारखं पुढचं चाक निसटतं आणि तिथे कोपऱ्यावरच्या गाठीच वाचवतात.

हवा ७० किलोच्या माणसाला पुढे २०-२२ आणि मागे २३-२५ पीएसआय. पेट्रोल पंपावरचं यंत्र या आकड्यांना उपयोगाचं नाही, ० ते ३० पीएसआयचा छोटा गेज घ्या. दर १० किलो वजनामागे साधारण दोन पीएसआय कमी-जास्त करा. रिम दगडावर आपटल्याचा 'टण्ण' आवाज एका फेरीत दोनदा आला तर मागे दोन पीएसआय वाढवा.

काळ्या मातीसाठी टायर विचारू नका. पाऊस पडल्यावर काळ्या रानातून सायकल जात नाही, कुठल्याच टायरवर. चिखल स्टेच्या मधे घट्ट बसतो, चाक थांबतं आणि त्यातले खडे फ्रेमचा रंग खरवडून काढतात. ओल्या जांभ्यावर शेवाळ असेल तर तिथेही रबराचा प्रकार विचारण्यात अर्थ नाही, उतरून चाला.

ब्रेक चार पिस्टनचे हवेत का?

ट्रेल सायकलला हो, निदान पुढे. रोटर (ब्रेकची चकती) पुढे २०० मिमी, मागे १८०. पसरणीसारखा लांब उतार सतत ब्रेक धरून उतरलात तर १६० च्या रोटरवर पॅड तापून लिव्हर मऊ पडते. पावसाळ्यात ऑरगॅनिक (रेझिनचे) पॅड ओल्या मुरमात फार लवकर संपतात; जून ते सप्टेंबर सिंटर्ड (धातूचे) पॅड घाला, रोटरवर ते चालतात की नाही हे आधी बघा. काही स्वस्त रोटरांवर 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं.

तेलाची गफलत करू नका. शिमानोमध्ये मिनरल ऑइल. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट ५.१, पण त्यांच्या नव्या मेव्हनमध्ये मिनरल. एकात दुसरं घातलं तर सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. डॉट ५.१ गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं तेल आहे, ते चालत नाही.

सॅग म्हणजे काय आणि घरी कसा लावायचा?

तुम्ही नुसते बसल्यावर शॉक जेवढा दबतो तो सॅग. क्रॉस-कंट्रीला २०-२५ टक्के, ट्रेलला २८-३०, एन्ड्युरोला ३० च्या आसपास. फोर्कला १५-२० टक्के. महागडी सायकल वाईट चालते याचं कारण बहुतेकदा इथेच असतं.

हातात शॉक पंप हवा. फूटपंपाने हे होत नाही. शॉकवर '२१० × ५५' असा आकडा असतो. दुसरा आकडा स्ट्रोक, म्हणजे शॉकची काठी किती सरकते ते. ५५ चे ३० टक्के १६.५ मिमी, हे तुमचं लक्ष्य. स्ट्रोकऐवजी सायकलचं ट्रॅव्हल धरून हिशेब करणारे बरेच जण चुकतात.

सुरुवातीचा दाब म्हणून किलोमधल्या वजनाला २.२ ने गुणा. वजन बॅग, पाणी, बूट सगळं धरून. ७० किलोला सुमारे १५५ पीएसआय. सगळी हवा एकदम भरू नका. ५० पीएसआय झाल्यावर पंप लावलेलाच ठेवून सीटवर दाब देत शॉक हळूहळू दहा वेळा दाबा, मग पुढचे ५०. शॉकमध्ये दोन कप्पे असतात आणि हवा एका छोट्या खाचेतून एकाकडून दुसरीकडे जाते. हे केलं नाही तर गेज बरोबर दाखवतो, शॉक मात्र वरच्या बाजूला आखडलेला किंवा खाली ओढलेला राहतो.

मग सायकल भिंतीला टेकवा, कॉम्प्रेशनचा (शॉक दबणं रोखणारा) लिव्हर मोकळा करा, अलगद चढून बसा, दोन्ही पाय पेडलवर. शॉकच्या काठीवरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवा आणि उडी न मारता उतरा. रिंग किती मिमी सरकली ते मोजा. कमी असेल तर पाच-पाच पीएसआयने हवा काढा, जास्त असेल तर भरा. पंप काढताना येणारा 'फुस्स' हा पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, शॉकमधल्या नव्हे. पंप परत लावला की थोडी हवा नळीत जाते आणि आकडा कमी दिसतो, घाबरू नका.

ऋतूचा परिणाम होतो. पहाटे २० अंशांत १५० पीएसआय भरलेला शॉक दुपारी ४० अंशांत साधारण १६० दाखवतो. ज्या तापमानात चालवणार, त्याच तापमानात तपासा.

वजन ९५ किलोच्या पुढे असेल तर सायकल घेण्याआधी ट्रॅव्हलला स्ट्रोकने भागा. १४० भागिले ५५ म्हणजे अडीचच्या आसपास, हे चांगलं. उत्तर तीनच्या वर जात असेल तर सॅग बसवायला इतकी हवा लागते की शॉकवर छापलेली कमाल मर्यादा जवळ येते.

सॅग बरोबर आहे, तरी सायकल उधळते.

रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत येण्याचा वेग. त्याचा लाल नॉब असतो. पूर्ण बंद करून तिथून क्लिक मोजा आणि मधल्या क्लिकपासून सुरुवात करा. सीटवर बसून फूटपाथवरून खाली उतरा: मागचा भाग एकदाच वर येऊन थांबला तर ठीक. दोनदा हेलकावला तर एक-दोन क्लिक बंद करा. सलग खडकांवर सायकल खाली खाली बसत जात असेल तर उलट, रिबाउंड फार मंद आहे. हवा वाढवली की रिबाउंडही थोडा बंद करावा लागतो.

सॅग बरोबर असून शॉक वारंवार तळाला आपटत असेल तर हवा वाढवू नका, आतला व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) एक वाढवा. फेरीत एखाद-दुसऱ्या वेळी पूर्ण ट्रॅव्हल वापरलं जाणं हे बिघाडाचं लक्षण नाही.

लॉकआउट असलेला शॉकच घ्यावा का?

लॉकआउट म्हणजे शॉक दबू न देणारा खटका. डांबरी चढासाठी सोयीचा आहे. खडबडीत चढावर मोकळाच ठेवा; मागचं चाक दगडांना चिकटून राहतं आणि पकड मिळते. लॉक करून उतारावर निघालात तर मात्र शॉकच्या आतल्या व्हॉल्व्हवर नको तेवढा ताण येतो.

कॉइल (धातूची स्प्रिंग) की एअर (हवेची स्प्रिंग)?

एअर. कॉइल अर्धा किलोच्या आसपास जड, आणि वजन बदललं की स्प्रिंग बदलावी लागते.

कार्बन की अ‍ॅल्युमिनियम?

त्याच किमतीत अ‍ॅल्युमिनियम फ्रेम आणि वरच्या दर्जाचा फोर्क, शॉक, ब्रेक मिळत असतील तर ते घ्या. फ्रेममधली किलोभराची बचत घाटात जाणवते, पण स्वस्त डॅम्पर उतारावर त्याहून जास्त जाणवतो.

फ्रेम बघताना दोन गोष्टी मात्र नक्की तपासा. बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असावा. दाबून बसवलेला प्रेस-फिट धुळीचिखलात कुरकुरायला लागतो. आणि मागचा हँगर (गिअर बदलणारा डिरेलर लटकतो तो तुकडा) यूडीएच प्रकारचा असावा. स्रॅमने २०१९ मध्ये आणलेला हा हँगर आता बऱ्याच कंपन्या वापरतात, म्हणून वाकला तर सुटा भाग मिळण्याची शक्यता जास्त. मॉडेलपुरता वेगळा हँगर असेल तर सायकलसोबतच दोन घेऊन ठेवा.

टेस्ट राइडमध्ये काय बघायचं?

पार्किंगमधल्या पाच मिनिटांच्या चकरेतून काही कळत नाही. दुकानदाराला सॅग लावून द्यायला सांगा, नाहीतर तुम्ही दुसऱ्याच्या वजनाला बसवलेला शॉक तपासत असता. मग अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यासारखा एखादा सलग चढ धरा. बसून चढा, उभं राहून चढा, खालच्या गिअरवर अगदी हळू चढा आणि पुढचं चाक भटकतं का बघा. उतरताना ड्रॉपर खाली करून वळणांवर ब्रेक सोडून बघा. मागून येणाऱ्या गाड्यांचं भान ठेवा.

सेकंडहँड घेताना काय तपासावं?

सीट धरून मागचं चाक जमिनीवरून जेमतेम उचला, खाली ठेवा, परत उचला. 'टक' असा झोल जाणवला तर शॉकच्या बुश किंवा पिव्हटची बेअरिंग गेली. एका हाताने शॉकचा बोल्ट धरून हे केलंत तर झोल कुठे आहे ते बोटांना कळतं.

फोर्कच्या नळ्यांवरून आणि शॉकच्या काठीवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तो सील खात राहील. नळ्यांचा भाग बदलायचा खर्च जवळपास अर्ध्या फोर्काएवढा. शॉकमधली सगळी हवा सोडून लिंकेज हातानं वरखाली करा: मध्येच अडखळणं म्हणजे बेअरिंग गंजली. हवा भरलेली असूनही शॉक स्वतःहून दबलेला राहत असेल तर आतल्या सीलमधून हवा नको त्या कप्प्यात जाते आहे.

फ्रेमला तडे कुठे जातात? हेड ट्यूबच्या खाली डाउन ट्यूब जुळते तिथे, सीट ट्यूबवर लिंक बसते तिथे आणि चेनस्टेच्या वेल्डवर. पुसून, टॉर्च आडवी धरून बघा. रंगावरची सरळ, केसासारखी रेघ संशयास्पद. मागचा अ‍ॅक्सल १४८ मिमी (‘बूस्ट’ नावाचं माप) नसेल किंवा चाकं २६ इंची असतील तर पुढे सुटे भाग शोधत फिरावं लागेल, कितीही स्वस्त असली तरी सोडा. मूळ बिल मागा आणि फ्रेम नंबर त्याच्याशी जुळवा.

देखभालीचा खर्च आणि वेळ किती धरावा?

फोर्क-शॉक बनवणाऱ्या रॉकशॉक्सच्या वेळापत्रकात फोर्कच्या खालच्या नळ्या आणि शॉकचा एअर कॅन (हवा भरतात तो भाग) ५० तासांनी, तर पूर्ण सर्व्हिस साधारण २०० तासांनी. फॉक्सचं १२५ तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. दर रविवारी तीन तास चालवणाऱ्याचे ५० तास चार महिन्यांत होतात. साताऱ्यात पावसाळ्याआधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा खालची सर्व्हिस करून घेतली तर हिशेब बसतो. खालच्या सर्व्हिसला सील, फोमच्या रिंगा आणि थोडं तेल एवढंच लागतं, पण तेल किती मिली आणि कुठल्या ग्रेडचं हे फोर्कच्या मॉडेलप्रमाणे बदलतं, अंदाजाने ओतू नका.

पिव्हट बेअरिंग औद्योगिक मापांचीच असतात. जुन्यावरचा आकडा, उदाहरणार्थ ६९०२-२आरएस, वाचून बेअरिंगच्या दुकानात विचारता येतं. पण तिथे मिळणाऱ्या साध्या बेअरिंगमध्ये गोळ्यांमधे जाळी असते. पिव्हट पूर्ण फिरत नाही, काही अंशच हलतो, त्यामुळे त्याच चार गोळ्या त्याच जागी दाबल्या जातात आणि खळगे पाडतात. जाळी नसलेलं, गोळ्यांनी पूर्ण भरलेलं बेअरिंग पिव्हटसाठी मागवा. बसवताना हातोडी नको, व्हाइसमध्ये पकडून बाहेरच्या रिंगवर दाब द्या. बोल्टवर निळा थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव), टॉर्क बोल्टवर छापलेला असतो तेवढाच.

पावसातून आल्यावर बादली आणि ब्रश. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याने पिव्हट, हब आणि फोर्कच्या सीलवर मारू नका. त्या दाबाने पाणी सीलच्या आत जातं आणि ग्रीस बाहेर येतं.

कास पठारावर चालवता येईल का?

रस्त्यावरून हो. साताऱ्यापासून कास साधारण २५ किमी आणि चढ छान आहे. पण पठारावर चाक घालू नका. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कास २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. तिथे कातळावर मातीचा थर काही इंचांचाच आहे आणि टायरची एक ओली चाकोरी पुढची अनेक वर्षं भरत नाही. बामणोलीच्या पलीकडे कोयना अभयारण्य आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द लागते. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्या बाजूच्या पायवाटा धरू नका. बाकी माळांवर वाट कुणाच्या रानातून जाते ते विचारा. पेरणीच्या दिवसांत बांधावरून सायकल नेली तर होणारी बोलणी रास्त असतात.

ई-एमटीबी घ्यावी का?

चढ हीच अडचण असेल तर विचार करण्यासारखी. २५० वॉटपर्यंत मोटर आणि ताशी २५ किमीच्या आत वेग असेल तर नोंदणी लागत नाही. वजन २० ते २५ किलो, त्यामुळे बॅटरी संपली की ढकलणं कठीण आणि बिघडली की गावातला कारागीर हात लावत नाही. सुटे भाग कुठून येतील ते आधी विचारून घ्या.

फेरीला निघताना सोबत काय असावं?

ट्यूबलेस प्लगचं किट, एक ट्यूब, छोटा पंप, चेन तोडायचं साधन आणि १२ स्पीडची क्विक लिंक, सुटा हँगर, वाल्व्हचा कोअर, ४, ५, ६ च्या अ‍ॅलन की आणि टी-२५ टॉर्क्स. ट्यूब टाकायची वेळ आली तर आधी टायरच्या आतून कापड फिरवा. सीलंटने झाकलेले बाभळीचे चार-पाच काटे तिथे वाट बघत असतात आणि नवी ट्यूब पहिल्या किलोमीटरलाच जाते. बोट फिरवू नका.